हाय

अडुसष्ट साली भाईंदरच्या इस्पितळात सरांचा राउंड म्हणजे सरांनी बोलायचं आणि आम्ही शिकाऊ डॉक्टरांनी माना डोलवायच्या. त्या सकाळी खाटेवर उत्तनची कोळीण होती, सिसिलीबाय. तिची पोटदुखी केव्हाच थांबली होती, पण ते विचारतो कोण? विलायतेत शिकलेल्या सरांनी तिचं पोट दाबत विचारलं, "भूक आहे?" "हाय." सर आमच्याकडे वळले. "बघा, दाबलं की कशी कळवळते! अपेंडिक्स. उद्या पोट उघडू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उत्तनचाच. "सर, ती..." "राउंडला बोलायचं नसतं, नुसतं ऐकायचं!" पुढच्या खाटेकडे निघताना सर सवयीने म्हणाले, "कुणाला शंका आहे?" माझं डोकं सटकलं आणि तोंडातून घरचाच शब्द निसटला, "हाय!" सर दचकले. "तुला कुठे दुखतंय?" "दुखत न्हाय, सर. शंका हाय." मागून सिसिलीबाय म्हणाली, "आनि मना भूक हाय."