मागची तारीख

विश्वस्तांनी फाइल साखळकर बाईंच्या पुढ्यात आपटली. "चाळीस रुपये रिक्षाभाड्याची पावती नाही. असला गबाळा कारभार असलेल्या शाळेला आमचा ट्रस्ट मदत देत नसतो."

बाईंचं डोकं सणकलं. त्यांच्या कर्णबधिर शाळेतल्या नऊ मुलांना श्रवणयंत्रं हवी होती, म्हणून महिनाभर त्या या ऑफिसचे उंबरठे झिजवत होत्या. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

"आता तुमचे हिशेब बघू, साहेब. तुम्हीच धर्मादाय कार्यालयात भरलेत, तिथूनच नक्कल घेतली. मदत दिलेल्या संस्थांच्या यादीत आमची शाळा आहे. गेल्या वर्षी दोन लाख दिले म्हणता. आम्हाला एक छदामही मिळालेला नाही."

विश्वस्तांनी कागद दोनदा वाचला. शिपायाला चहा आणायला पिटाळलं आणि दार लावून घेतलं. आवाजात एकदम साखर आली. "कारकुनाची चूक हो, बाई. दोन लाख आत्ता रोख देतो. तुम्ही फक्त गेल्या वर्षीच्या तारखेची पावती फाडा."

ड्रॉवर उघडला, नोटांची बंडलं टेबलावर आली. बाईंना नऊ चेहरे आठवले. मग तपासणीसाठी आणलेलं गेल्या वर्षीचं पावतीपुस्तक त्यांनी विश्वस्तांसमोर उघडून धरलं.

"हे बघा, शेवटपर्यंत भरलेलं आहे. मागच्या तारखांसाठी कोरी पानं राखून ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. गबाळा कारभार ना आमचा."