नर्मदेआधीची सुई

“तिकडे बघा काका, सुईकडे नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नर्मदेची परिक्रमा पायी करायला निघालेल्या श्रीधररावांनी डोळे गच्च मिटून घेतले.

“अख्खी नर्मदा चालणार म्हणे, आणि फ्लूच्या लशीला भितात!” शेजारच्या खुर्चीतून बायकोने, वृंदाने, टोला हाणलाच. परिक्रमेचं नाव काढलं की ती नाक मुरडायची. कोपऱ्यावरच्या मंडईतसुद्धा रिक्षाने जाणाऱ्या बाईला ‘येतेस का?’ विचारण्यात अर्थच नाही, असं श्रीधररावांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

सुई टोचली. कळ जिरवत त्यांनी मान खाली घातली, तर वृंदाच्या साडीखालचे बूट नजरेला पडले. टाच दुखते म्हणून पाडव्याला घेतलेले ते कोरे करकरीत बूट टाचेपाशी पार झिजले होते.

“हे एवढे कुठे झिजवलेस?”

“टेकडीवर. रोज दुपारी, तुम्ही घोरत असता तेव्हा.” तिने पदर सावरला आणि दंड पुढे केला. “डॉक्टर, मलाही टोचा.”

श्रीधरराव दंडावरचा कापूस दाबायचंच विसरले. “अगं, मग आधी सांगायचंस तरी!”

“आधी विचारायचंत तरी!”