शेऱ्याचा रकाना

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळा लावला. मागे स्टुलावर सून अंग चोरून बसली होती. तीन महिने झाले, तिनं आपली गादी दुसऱ्या खोलीत नेली होती. माझ्या अंगाला वास येतो, म्हणे. नवरा बिचारा सांगून थकला, की मला नाही येत. ही ऐकेल तर शपथ. डॉक्टरीणबाईंनी स्रावाची तपासणी लिहून दिली, तर ती चिठ्ठीही पंधरा दिवस पर्समध्येच. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "माझ्या लॅबमध्ये चल. नमुना दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार नाही."

सासूबाईंची पंचवीस वर्षं जंतू बघण्यात गेलेली. रंगवलेल्या पट्टीवर जांभळ्या काड्या दिसायला हव्या होत्या. चांगले जंतू ते, बाईच्या अंगाचे राखणदार. औषधाला एक दिसेना. पेशींवर मात्र दुसऱ्याच बारीक ठिपक्यांची झुंबड, साखरेला मुंग्या लागाव्यात तशी.

"घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरीणबाई गोळ्या देतील. असल्या पट्ट्या मी रोज दोन-चार बघते."

"मी घाणेरडी आहे का हो, आई?"

सासूबाई सुनेकडे वळल्या. पोर तीन महिने हे मनात घेऊन आपल्याच घरात वावरत होती आणि आपल्याला पत्ता नाही.

"वेडी की काय तू? उलट राखणदारच धुऊन गेलेत. आत काही लावतेस का?"

"जंतुनाशक घालून धुते. दिवसातून तीनदा."

"अगं, त्यानं राखणदारही मरतात. हा शहाणपणा शिकवला कुणी तुला?"

सून पायांच्या बोटांकडे बघत म्हणाली, "लग्नानंतर तुम्हीच बाटली दिलीत ना. म्हणालात, या घरात जंतूंना थारा नाही."

सासूबाईंना ती बाटली आठवली. हात धुवायला म्हणून दिली होती. पण हातांसाठी, एवढं सांगायचं राहूनच गेलं होतं. आणि नवी सून सासूला उलटून विचारणार तरी कशी?

त्यांनी छापील रिपोर्ट पुढे ओढला. दिसलं तेवढंच लिहायचं, हा त्यांचा नियम. शेऱ्याचा रकाना त्या कायम कोरा सोडत.

"हा आधी घरी नवऱ्याला वाचायला दे, मग डॉक्टरीणबाईंना," असं म्हणत त्यांनी आज त्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'मुलगी स्वच्छ आहे. चूक सासूची,' आणि खाली पूर्ण सही केली.