गोधडीतलं रेकॉर्डिंग

गावच्या रेडिओवर दर रविवारी लागणारा येशूचा छोटा संदेश यावेळी एस्तेरला द्यायचा होता. आवाज घुमू नये म्हणून ती गोधडीत शिरली आणि मोबाइलवर बोलू लागली, "आपली सगळी काळजी येशूवर सोपवा..." तेवढ्यात पाळण्यात बाळ खोकलं. गोधडी भिरकावून ती धावली.

सासूबाई खळखळून हसल्या. "गावाला सांगतेस काळजी सोपवा, आणि स्वतः झोपलेल्या पोराचा श्वास बघायला नाकाखाली बोट धरतेस होय गं!" तिलाही हसू फुटलं.

मग तिने संदेश पुन्हा रेकॉर्ड केला, पण घाईत पाठवलं ते नेमकं हे पहिलंच रेकॉर्डिंग. स्टेशनवाल्यांनीही ते न कापता लावलं. रविवारी खोकल्यापासून हशापर्यंत सगळं गावानं ऐकलं. एस्तेरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाच्या शब्दाचं हसं केलं आपण! आता कोण विश्वास ठेवणार?

दुपारी दार वाजलं. समोरच्या घरातली, कधीच न बोलणारी सून तान्ह्या लेकीला छातीशी धरून उभी होती.

"ताई, तुमच्या येशूला माझ्यासारखी घाबरट बाई चालेल का?"

एस्तेरनं आनंदानं दार सताड उघडलं. उत्तर सासूबाईंनीच दिलं, "न चालायला काय झालं! आत ये बाई. आमच्या घरात एक आधीच आहे."