आमची की आपली?

दोघे सुतार भाऊ भांडले आणि घराच्या मधोमध फळ्यांची भिंत ठोकून बसले. हात दोघांचेही कसलेले, पण भिंत इतकी पातळ, की इकडे कुणी शिंकलं की तिकडचा दिवा विझायचा. बोलणं बंद. जेवणाआधी मोठा खणखणीत आवाजात प्रभूची प्रार्थना म्हणे आणि पलीकडून धाकट्याचं, चोरटं का होईना, 'आमेन' येई. त्या आमेनवर मोठा दिवस काढी.

एके दिवशी मोठ्याच्या बायकोनं भिंतीला ऐकवलं, "यांचा घसा बसलाय. प्रार्थनेवाचून घास घेईनात!"

धाकटा पलीकडून खाकरला. "आपली रोजची भाकर आज आपल्याला दे..."

"आमची!" मोठा गरजला. "प्रार्थनेत 'आमची' आहे, गाढवा!"

"दादा, घसा बसला होता ना?"

मोठा घाईघाईनं खोकला.

"आणि 'आमची' म्हटलं की मी भिंतीपलीकडेच राहतो," धाकटा म्हणाला.

"बरं, 'आपली' म्हण. पण इकडे येऊन म्हण. ताट निवतंय."

धाकटा दाराकडे वळलाच नाही. त्यानं फळी नुसती ढकलली. खिळे दोघांनीही अर्धेच ठोकले होते.