मोजलेली मेंढरं

एकतीस.

सिदूने काठीने मेंढी पुढे लोटली. जाळीच्या वाघरातून ती बाहेर पडली आणि व्यापारी महालिंगप्पाच्या टेम्पोत चढली.

बत्तीस.

वर्षाराणीने बापाच्या तोंडून हे आकडे कधी ऐकले नव्हते. सिदू मेंढरं मोजत नसे. येडशीच्या माळावर कुणी विचारलंच तर म्हणे, "हायेत की." एक नजर फिरवली की कोणतं नाही ते त्याला कळे. मोजायचं ते व्यापाऱ्यासाठी. एकदा मोजलेलं मेंढरू परत वाघरात घ्यायचं नाही. घरचा नियम.

ती दारात बसून होती. शिक्षक भरतीच्या परीक्षेत एका मार्काने गेल्यापासून बसूनच होती. पास झाली तर नोकरी. नापास झाली तर लग्न, आणि लग्नासाठी मेंढरं विकायची. रडूही येत नव्हतं.

तो मार्क 'कमी लोक' लिहिताना गेला. इंग्रजीत कमीला दोन शब्द. मोजता येतं त्याला फ्युअर, येत नाही त्याला लेस. तिने लोकांना लेस लावलं.

चूक.

तेहतीस.

फोन वाजला. कळंबहून मैत्रिणीचा मेसेज. सुधारित उत्तरतालिका आली होती. हल्ली तसंही म्हणतात, म्हणून दोन्ही उत्तरं बरोबर.

ती पास झाली होती. उठली. बापाजवळ गेली.

"आबा, मी पास झाले. नियम बदललाय."

"कुणी बदलला?"

"कुणीच न्हाय. लई जण चुकीचं बोलत राहिले. मग त्येच बरोबर धरलं."

पुढची मेंढी वाघराच्या तोंडाशी थांबली. सिदू तिच्याकडे बघत राहिला.

आकडा आला नाही.

"म्हण की पुढं," टेम्पोपासून महालिंगप्पा म्हणाला. "का इसरला?"

"उतरव समदी."

"मोजलेली? तुमच्यात चालत न्हाय नव्हं?"

"कुणीतरी पयलं चुकाय पायजे."

महालिंगप्पाने सिदूकडे पाहिलं, मग पोरीकडे. पुटपुटत फळी टाकली. मेंढरं उतरली आणि कुणी न हाकता वाघरात शिरली.

"घे मोजून," तो म्हणाला. "उद्या म्हणशील, एक कमी आलं."

सिदूने काठी काखेत धरली. कळपावरून एकदा नजर फिरवली.

"हायेत की."