पुस्तकातलं बदक

“पुस्तक संपत आलं आणि बदक अजून तोंड उघडेना!” आईच्या पलंगाच्या पायथ्याशी फतकल मारून बसलेला दादा वैतागला.

लेकीनं पानं मागं उलटली, पुढं उलटली. बर्फात अडकलेलं सुट्टीतलं घर होतं, भांडकुदळ भावंडं होती, रुसलेले आजोबा होते. बदकही होतं. पण ते नुसतं शेगडीपाशी बसून होतं. मुकाट!

“सिनेमात तर अख्खं घर तेच चालवतं!” ती म्हणाली.

सिनेमा दर सुट्टीत टीव्हीवर लागायचा. पडद्यावर परदेशी बदक आणि मराठी डबिंगमधला आवाज आईचा. “पाय पुसा आधी, मग रडा!” असं ते खेकसलं की ही दोघं खरोखर पायपुसण्याकडे पळायची.

आता ऑपरेशननंतर आईच्या गळ्याला पट्टी होती. इतक्यात एक शब्दही काढायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. आवाज येईल, पण तोच येईल असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं. म्हणून तर लेकीनं वाचनालय पालथं घालून मूळ गोष्ट आणली होती. आईची वाक्यं आईला ऐकवायला. आणि इथे वाक्यंच नाहीत!

“आई, लेखकानं फसवलं गं आपल्याला.”

आईनं हाताची चोच केली, उघडली, मिटली आणि ओठांवर बोट ठेवलं.

“मूळ सिनेमातही ते नुसती चोच हलवायचं?” दादानं ओळखलं.

आईनं मान डोलावली. मग हळूच स्वतःकडे बोट दाखवलं.

“म्हणजे ती सगळी बडबड तुझ्या पदरची?”

आई लाजली. चक्क लाजली.

“धन्य आहात बाई!” दादा म्हणाला आणि उगाच खिडकीबाहेर बघत बसला.

लेकीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मुलं दार ढकलून आत आली. बदकानं मान वर केली. पुस्तकात इथे पूर्णविराम होता. ती थांबली, आणि एकदम खेकसली, “दार लावा! वारा काय पाहुणा आहे आपला?”

हे वाक्य सिनेमातही नव्हतं.

दादा खो खो हसला. आई मात्र हसली नाही. तिनं नकारार्थी मान हलवली. पुढे वाकून, बदकासारखा आवाज निघावा म्हणून लेकीचं नाक दोन बोटांत हलकेच दाबलं, हनुवटी जराशी उचलली. मग डबिंगच्या खोलीत ‘आता बोल’ या इशाऱ्यासाठी धरतात तसा हात उंच धरला.

लेकीनं छातीभर श्वास घेतला आणि हात खाली यायची वाट पाहू लागली.